शेवटचे दोन प्रश्न एकत्र वाच

पत्र

डॉक्टर, माझी आई ५८ वर्षांची आहे. तिचा दमा तीव्र आहे. जास्तीत जास्त डोसचा पंप असूनही गेल्या वर्षातला बराचसा काळ ती स्टेरॉइडच्या गोळ्यांवर होती. पाच महिन्यांपूर्वी तिला दम्याचं जैविक औषधाचं (बायोलॉजिक, म्हणजे दम्याची सूज भडकवणाऱ्या घटकांनाच अडवणारं औषध) इंजेक्शन सुरू झालं. तेव्हापासून मोठा झटका आलेला नाही आणि गोळीही निम्म्यावर आली आहे. दर भेटीत तिच्याकडून ३२ प्रश्नांचा एक फॉर्म भरून घेतात. इंजेक्शनाआधी त्याची सरासरी ४.६ आली होती, आता ४.९ आली. डॉक्टर म्हणाले, फॉर्मवर म्हणावी तशी सुधारणा दिसत नाही, पुढच्या वेळी बघू. फॉर्म भरताना मी शेजारीच बसले होते. चालणं, घरकाम, जिना चढणं अशा कामांपुढे आईने जवळजवळ काहीच अडचण नसल्याचं लिहिलं. जिना तर ती चढतच नाही! चार वर्षांपूर्वी तिने झोपायची खोलीच खाली हलवली. मी म्हटलं, "आई, खोटं कशाला लिहितेस?" ती म्हणाली, "श्वास माझा आहे, उत्तरंही माझीच राहू देत." तेव्हापासून दम्याचा विषय काढला की ती गप्प होते. असल्या फॉर्मवर भरवसा ठेवायचा का? पुढच्या वेळी मीच भरू का? आणि या ०.३ मुळे तिचं इंजेक्शन बंद झालं तर?

– काळजीत पडलेली मुलगी

उत्तर

प्रिय मुली,

तुझा शेवटचा प्रश्न तुला रात्री झोपू देत नसणार, म्हणून आधी तोच घेते. फॉर्मवरच्या एका आकड्यावरून असं इंजेक्शन चालू ठेवायचं की थांबवायचं हे ठरवू नये. जगभरचे छातीचे डॉक्टर 'ग्लोबल इनिशिएटिव्ह फॉर अस्थमा'च्या मार्गदर्शक सूचना वापरतात. त्यांत म्हटलं आहे की अशा औषधाला निदान चार महिने द्यावेत आणि तरीही चित्र स्पष्ट नसेल तर सहा ते बारा महिन्यांपर्यंत वाट पाहावी. या काळात पाहायचं ते बरंच काही असतं: झटके किती आले, तोंडाने घ्यायचं स्टेरॉइड किती उतरलं, लक्षणं कशी आहेत, फुंकून करायच्या तपासणीत काय दिसतं, दुष्परिणाम आहेत का, आणि औषधाबद्दल खुद्द रुग्णाला काय वाटतं. तुझ्या आईचे झटके थांबले आणि गोळी निम्मी झाली. तीव्र दम्यात या दोन गोष्टींचं वजन फार मोठं आहे. मी तिचे कागद पाहिलेले नाहीत, त्यामुळे शेवटचा शब्द तिच्या डॉक्टरांचाच. पण मनात धास्ती घेऊन बसण्यापेक्षा पुढच्या भेटीत आईने त्यांना सरळ विचारावं: "हे इंजेक्शन पुढे द्यायचं की नाही, हे तुम्ही कशावरून ठरवणार?" हा प्रश्न विचारायचा तिला पूर्ण हक्क आहे. त्याचं उत्तर ऐकल्यावर फॉर्म भरतानाचा तिचा ताणही कमी होईल.

हा ताण मी मुद्दाम बोलून दाखवते. खरं लिहिलं तर औषध काढून घेतील आणि वाईट लिहिलं तर रडगाणं वाटेल, या कात्रीत सापडलेली माणसं मी पाहिली आहेत. तुझी आई त्यांतली आहे की नाही, मला माहीत नाही. पण तिने जे लिहिलं ते खोटं होतं असं मला वाटत नाही. त्याकडे येतेच. त्याआधी हा फॉर्म नेमका काय आहे ते सांगते.

तू दिलेल्या वर्णनावरून तो 'अस्थमा क्वालिटी ऑफ लाइफ क्वेश्चनेअर' दिसतो. त्यात मागच्या दोन आठवड्यांविषयीचे ३२ प्रश्न असतात आणि प्रत्येकाला १ ते ७ गुण. दम्याने काहीच अडवलं नाही तर ७, पुरतं जखडून ठेवलं तर १. एलिझाबेथ जुनिपर, गॉर्डन गयाट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात तयार केला आणि १९९२ साली प्रसिद्ध केला. तो कसा घडला हे कळल्यावर तुझा त्याच्यावरचा राग थोडा निवळेल. दम्यामुळे माणसाची कुठे कुठे अडचण होऊ शकते अशा दीडशेहून अधिक गोष्टींची यादी आधी केली गेली. ती दीडशे दमेकऱ्यांपुढे ठेवून विचारलं गेलं की यातलं तुमच्या वाट्याला काय काय येतं आणि त्याचा जाच किती होतो. जो जाच अनेकांना आणि जास्त होता, तो फॉर्ममध्ये राहिला. म्हणजे कोणते प्रश्न विचारायचे हे रुग्णांनीच निवडलं. म्हणून त्यात धाप आणि घरघरीसोबत 'औषध जवळ नसेल तर' ही भीती आहे, दम्यामुळे येणारा वैताग आहे, आणि धुरामुळे किंवा उग्र वासामुळे एखाद्या ठिकाणी जाणं टाळावं लागणंही आहे.

तू कदाचित म्हणशील, फुप्फुसांची तपासणी असताना हे सगळं कशाला? एका सेकंदात किती हवा बाहेर फुंकता येते, हे त्या तपासणीत कळतं आणि ते कळायलाच हवं. पण तो आकडा आणि माणसाचं रोजचं जगणं यांचा मेळ सैल असतो, हे अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसून आलं आहे. जवळपास सारखीच हवा फुंकणाऱ्या दोघांपैकी एक रोज कामावर जातो आणि दुसऱ्याला घराचा उंबरठा ओलांडायची भीती वाटते. फुंकून ही भीती मोजता येत नाही. ती विचारावीच लागते.

आता ०.३. जुनिपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये दाखवलं की या फॉर्मची सरासरी साधारण ०.५ ने बदलली की माणसाला स्वतःला फरक जाणवायला लागतो. आईचे डॉक्टर 'म्हणावी तशी सुधारणा नाही' म्हणाले ते बहुधा या अर्ध्या गुणाच्या हिशेबाने. तो हिशेब चुकीचा नाही, पण तो अनेक माणसांच्या उत्तरांवरून काढलेला आहे. समोरच्या एका बाईला लावताना तो जरा सैल हातानेच लावायला हवा.

शिवाय सरासरी पुष्कळ काही झाकून टाकते. या ३२ प्रश्नांचे चार भाग आहेत. लक्षणांचे १२ प्रश्न, कामं आणि हालचालींचे ११, मनाचे ५ आणि भोवतालच्या हवेचे म्हणजे धूर, धूळ, वास, हवामान यांचे ४. समज, आईच्या मनाच्या पाचही प्रश्नांत प्रत्येकी दोन गुण वाढले आणि उरलेले सत्तावीस प्रश्न जागचे हलले नाहीत. एकूण दहा गुण वाढले. ते ३२ ने भागले की उत्तर येतं ०.३ च्या आसपास. म्हणजे 'आपला श्वास कधीही कोंडेल' ही भीती जवळजवळ गेलेली असतानाही सरासरी म्हणेल, विशेष काही घडलेलं नाही. आईच्या बाबतीत असंच झालंय असा माझा दावा नाही. पण पुढच्या भेटीत एकूण आकड्यासोबत चारही भागांचे वेगवेगळे आकडे मागून घ्या, आधीचे आणि आत्ताचे. एका भागात मोठी वाढ आणि दुसरा भाग तसाच, असं दिसलं तर बोलायला काहीतरी हाती लागेल. माझ्या मते भाग न पाहता नुसती सरासरी वाचणं म्हणजे रुग्णाने दिलेल्या उत्तरांतली बरीचशी फेकून देणं.

आता जिन्याकडे वळू.

चार वर्षांपूर्वी तुझ्या आईने खोली खाली आणली. त्या दिवशी तिने जिन्याचा त्रास संपवला, आणि त्यासाठी जिनाच सोडून दिला. मागच्या दोन आठवड्यांत ती जिना चढलेली नाही, म्हणून जिन्याने तिला दमवलेलंही नाही. तिच्या बाजूने हे उत्तर खरं आहे. वर्षानुवर्षं तीव्र दमा सोसणारी माणसं हेच करत असतात. आधी धावणं जातं, मग भरभर चालणं. मग ज्यांच्या घरी पायऱ्या आहेत त्यांच्याकडचं जाणं-येणं थांबतं. मग खळखळून हसणं आवरतं घेतलं जातं, कारण हसता हसता खोकला येतो आणि खोकल्यातून धाप. प्रत्येक वेळी सोडलेली गोष्ट लहानच असते आणि सोडल्याने बरं वाटतं. काही वर्षांनी अशा माणसाला 'त्रास किती?' म्हणून विचारलं तर तो मनापासून सांगतो, 'फारसा नाही.' उरलेल्या जगण्यात त्याला खरंच फारसा त्रास नसतो. तो त्रास टाळण्यासाठी जे सोडलं गेलं, त्याची नोंद मात्र कुठेच होत नाही.

दम्यावर ताबा किती आहे हे पाहणाऱ्या छोट्या चाचण्यांतही हा धोका आहे. 'अस्थमा कंट्रोल टेस्ट' नावाची पाच प्रश्नांची चाचणी असते. मागच्या चार आठवड्यांची उत्तरं जुळवून ५ ते २५ गुण मिळतात, आणि २० किंवा जास्त मिळाले तर दमा ताब्यात आहे असं मानतात. चाचणी उपयोगी आहे, मीही ती वापरते. पण महिनाभर घराबाहेर न पडलेल्या माणसालाही तिथे २० मिळू शकतात.

जुनिपर यांच्या फॉर्मला मात्र हे ठाऊक आहे, आणि म्हणूनच मला तो आवडतो. त्याच्या अगदी शेवटी दोन प्रश्न आहेत. घाईत भरणाऱ्याला ते एकच वाटतात. एकात विचारलं आहे की मागच्या दोन आठवड्यांत तुम्हाला जे जे *करावंसं वाटलं असतं*, त्या सगळ्याचा विचार करा आणि सांगा की दम्यामुळे त्यावर किती मर्यादा आली. दुसऱ्यात विचारलं आहे की तुम्ही जे जे *केलंत*, त्यात दम्याने किती अडवलं. या दोन उत्तरांमध्ये जे अंतर पडतं, त्यात तुझ्या आईचा जिना आहे. दुसऱ्याला ६ आणि पहिल्याला ३ दिले असतील, तर तिने काहीच लपवलेलं नाही. तिने डॉक्टरांना सगळं सांगितलं आहे, फक्त ते कुणी वाचलेलं नाही. दोन्हींना ६ दिले असतील तर मात्र मला जास्त काळजी वाटेल. करावंसं वाटणंच आटून गेल्याचं ते लक्षण असू शकतं.

म्हणून माझी पहिली विनंती अशी की त्या दोन प्रश्नांची उत्तरं आईने आणि डॉक्टरांनी एकत्र, शेजारी शेजारी ठेवून वाचावीत. दोन मिनिटांचं काम आहे.

याची उलटी बाजूही सांगून ठेवते, नाहीतर पुढच्या वेळी तू पुन्हा घाबरशील. औषध लागू पडलं की माणूस हळूहळू जास्त करू पाहतो. घरातल्या घरात फिरणारी आई उद्या बाहेर चालायला गेली, तर तिला धाप लागेल. फॉर्मवर ती आता लिहील, 'चालताना त्रास होतो.' आकडा खाली येईल, पण तिचं जगणं मोठं झालेलं असेल. माणसाची स्वतःकडूनची अपेक्षा बदलली की उत्तरंही बदलतात. जीवनाची गुणवत्ता मोजणाऱ्या संशोधकांना याची चांगली कल्पना आहे आणि त्यांनी त्यावर बरंच लिहिलंही आहे. दवाखान्यात ते सांभाळायचा एकच उपाय मला भरवशाचा वाटतो. आकड्यासोबत एक ओळ लिहायची: गेल्या भेटीनंतर नवीन काय करून पाहिलं आणि काय सोडलं.

तुमच्या फॉर्ममध्ये आणखी एक मोठी उणीव आहे. तो दम्याविषयी विचारतो, दम्याच्या उपचाराविषयी फारच कमी. औषधं घ्यावी लागण्याची चिंता त्यात आहे, पण स्टेरॉइडच्या गोळ्यांनी शरीराचं काय झालं ते नाही. तुझ्या आईसारखी जी माणसं महिनोन्महिने या गोळ्या घेतात, त्यांचा चेहरा गोल होतो, वजन वाढतं, भूक आवरत नाही, झोप उडते, साध्या गोष्टीवरून चिडचिड होते. पुढे हाडं ठिसूळ होणं, रक्तातली साखर वाढणं, मोतीबिंदू हेही येऊ शकतं. पुष्कळदा रुग्ण सांगतात की दमा परवडला पण गोळ्या नकोत. ते अतिशयोक्ती करत नसतात. ३२ प्रश्नांचा फॉर्म सर्व प्रकारच्या दम्यासाठी केलेला आहे. दमेकऱ्यांपैकी जेमतेम शंभरात तीन-चार जणांचा दमा खऱ्या अर्थाने तीव्र असतो, म्हणजे जास्त डोसची औषधं नीट घेऊनही ताब्यात न येणारा किंवा डोस कमी करताच उसळणारा. या लोकांचं दुखणं वेगळंच असतं. ते लक्षात घेऊन इंग्लंडमध्ये मायकेल हायलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीव्र दमा असलेल्यांशी बोलून 'सिव्हिअर अस्थमा क्वेश्चनेअर' नावाचा १६ प्रश्नांचा संच तयार केला. तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आपण कसे दिसतो, खाण्यापिण्याचं काय, चिडचिड, थकवा, औषधांच्या पुढच्या परिणामांची धास्ती असे प्रश्न आहेत. आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट म्हणजे चांगले महिने आणि वाईट महिने यांना त्यात वेगवेगळे गुण द्यायचे असतात. तीव्र दम्यात दोन आठवडे पुरत नाहीत. आईने फॉर्म भरला ते दोन आठवडे शांत गेले असतील, तर मागच्या वर्षीचे झटके, रात्री-अपरात्रीची धावपळ यातलं काहीही त्या कागदावर उतरणार नाही. मग आधीच्या ४.६ मध्येही ते उतरलं होतं का, हा प्रश्न आहेच. इंजेक्शनाचा सर्वांत मोठा फायदा झटके थांबण्यात असेल, तर दोन शांत आठवड्यांची दुसऱ्या दोन शांत आठवड्यांशी तुलना करून तो दिसायचा कसा?

तुमच्या दवाखान्यात हा दुसरा फॉर्म नसेल तरी अडत नाही, आणि तो हवाच असा हट्टही धरू नका. एकदा एक फॉर्म सुरू केला की तोच पुढे चालवावा, मध्येच बदलला तर आधीच्या आकड्यांशी तुलनाच उरत नाही. त्यात जे विचारलेलं नाही ते आईने अर्ध्या पानावर स्वतःच्या शब्दांत लिहून न्यावं. गोळी अर्धी झाल्यावर चेहऱ्याची सूज उतरली का? झोप लागते का? गेल्या वर्षातला सर्वांत वाईट महिना कसा होता आणि या पाच महिन्यांतला सर्वांत वाईट महिना कसा गेला? एवढं पुरे.

गोळीवरून एक सावधगिरीची गोष्ट, हा परिच्छेद आईलाही वाचून दाखव. बरेच दिवस घेतलेलं स्टेरॉइड उतरवताना थकवा, अंगदुखी, सांधेदुखी, मन खिन्न होणं असे त्रास होऊ शकतात. दमा सुधारत असतानाही त्यामुळे जगणं काही काळ जड वाटतं, आणि फॉर्मवरचा आकडा अडकून राहण्याचं हेही एक कारण असू शकतं. पण खूप गळून गेल्यासारखं होणं, चक्कर, उलट्या, पोटात दुखणं असं काही झालं तर डॉक्टरांना लगेच कळवा, पुढच्या तारखेची वाट पाहू नका. बाहेरून स्टेरॉइड मिळत असताना शरीर स्वतःचं तयार करणं कमी करतं, आणि ते पुन्हा सुरू व्हायला वेळ लागतो. बरं वाटतंय म्हणून गोळी आपल्या मनाने एकदम बंद करणं तर कधीच नाही. ते जिवावर बेतू शकतं.

तुझा मधला प्रश्न राहिला. पुढच्या वेळी तू भरू का?

नको. शेजारी बसूनही नको. हा फॉर्म रुग्णाने एकट्याने, डॉक्टरांना भेटायच्या आधी भरावा अशीच पद्धत आहे. डॉक्टरांनी 'फुप्फुसं छान आहेत हो' म्हटल्यावर पेन हातात घेतलं की उत्तरं तिकडेच झुकतात. घरचं माणूस शेजारी असलं तर त्याला वाईट वाटू नये म्हणून झुकतात, किंवा त्याच्याशी भांडण म्हणून उलट्या दिशेला. वाचायला अडचण असेल तर दवाखान्यातल्या कुणी प्रश्न आहे तसा वाचून दाखवावा, समजावून सांगू नये, उत्तर सुचवू नये. मुलांसाठी याच जुनिपर यांचा २३ प्रश्नांचा वेगळा फॉर्म आहे. त्याची उत्तरं ७ ते १७ वर्षांच्या मुलांकडूनच घेतात. सात वर्षांच्या मुलालाही विचारलं जातं, त्याच्या आईवडिलांना नाही. तुझ्या आईने तर स्वतःचा दमा इतकी वर्षं आतून ओळखला आहे. ती म्हणाली ते बरोबरच आहे, उत्तरं तिचीच राहायला हवीत.

पण तुझ्याकडेही अशी माहिती आहे जी आईकडे नाही, आणि ती वाया जाता कामा नये. रात्री ती कितीदा उठून बसते, बोलता बोलता वाक्य तोडते का, आराम पडण्यासाठी घ्यायचा पंप किती लवकर संपतो, हे तुला बाहेरून दिसतं. काही जणांना श्वासनलिका बऱ्याच आकसेपर्यंत धाप जाणवतच नाही, विशेषतः त्रास खूप जुना असेल तर. आईचं असं होतं का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. होत असेल तर घरी फुंकून पाहायचं पीक फ्लो मीटर उपयोगी पडू शकेल. तू पाहिलेलं वेगळ्या कागदावर लिही, त्यावर 'मुलीचं निरीक्षण' असा मथळा घाल आणि आईला आधी दाखव. तिच्या पाठीमागे डॉक्टरांच्या हातात चिठ्ठी देऊ नकोस. ती कळल्यावाचून राहणार नाही. आणि एक पूर्ण वाक्य बोलता येत नाही इतकी धाप, ओठ निळे पडणं, पंप घेऊनही उतार न पडणं, यातलं काही दिसलं तर फॉर्म, निरीक्षण सगळं बाजूला ठेवून तिला तातडीच्या उपचारांना न्या.

तू आपल्याविषयी एक शब्दही लिहिलेला नाहीस. दमा असलेल्या मुलांच्या आईवडिलांसाठी जुनिपर यांनी १९९६ मध्ये १३ प्रश्नांचा आणखी एक फॉर्म तयार केला. त्यात मुलाच्या दम्याने *त्यांच्या* झोपेचं, कामाचं, मनाचं काय झालं ते विचारतात. मोठ्या माणसांची काळजी घेणाऱ्यांसाठी तो नाही, पण त्यातले प्रश्न तुलाही लागू पडतात. भिंतीपलीकडच्या खोकल्याने तू कितीदा जागी होतेस? घराबाहेर असताना फोन वाजला की काळजात धस्स होतं का? तू 'खोटं' म्हणालीस ते या थकव्यातून आलं असावं असं मला वाटतं. तिचा जिना सुटलेला तू पाहिलास आणि तिने तो कागदावर नोंदवलासुद्धा नाही, हे तुला सोसलं नाही. आईला हे असंच सांग. 'मी चुकीचा शब्द वापरला. तू काय काय सोडलंस ते मला माहीत आहे, आणि ते डॉक्टरांनाही कळावं असं मला वाटत होतं.' एवढं म्हणून थांब. समजावत बसू नकोस.

मग थोड्या दिवसांनी, तिची हरकत नसेल तेव्हा, तिला विचार की सोडलेल्यांतली कोणती एक गोष्ट तिला परत हवी आहे. एकच. ती वरची खोली असेलच असं नाही, तुझा डोळा जिन्यावर आहे म्हणून तिचाही असायला हवा असं नाही. एखाद्या मैत्रिणीचं घर असेल, पुन्हा मोठ्याने गाणं असेल, नातवंडाला उचलून घेणं असेल. ती जे सांगेल ते डॉक्टरांपुढे तिनेच मांडावं: 'मला हे परत करता यायला हवं.' श्वसनाचे व्यायाम आणि हळूहळू वाढवत न्यायचं चालणं यांची आखणी करता येते, काही ठिकाणी त्यासाठी पल्मनरी रिहॅबिलिटेशनचे रीतसर वर्गही असतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणि पंप जवळ असल्याशिवाय मात्र काही नवीन सुरू करू नका. जैविक औषधाने श्वासनलिका मोकळ्या झाल्या तरी चार वर्षं न वापरलेल्या पायांना ताकद यायला वेगळी मेहनत लागते. सरावाअभावी लागणारी धाप आणि दम्याची धाप सुरुवातीला सारखीच वाटते. त्यांतला फरक ओळखायला शिकवणं हेही त्या व्यायामांचंच काम असतं.

तिने ठरवलेली ती एक गोष्ट फॉर्मच्या कोपऱ्यात लिहून ठेवायला सांग. पुढच्या भेटीत चार भागांचे आकडे, शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं, तिचं अर्धं पान आणि तुझं निरीक्षण, हे सगळं टेबलावर असू दे. फॉर्म ती भरत असेल तेव्हा तू बाहेर बस.

तुझी,
डॉक्टर